तिसऱ्या गिअरवरचा हात

मी, या काचेच्या दुकानाचा मालक, वयाने म्हातारा, कानाने थोडा कमी, पण डोके अजून ठिकाणावर असलेला इसम, दुकानामागच्या खोलीत बसून, कुणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याची खातरजमा डॉक्टरीणबाईंनी काल केली. त्यांनी वार विचारला, तो मी सांगितला. शिवाय त्यांच्या दवाखान्याच्या दाराला खालच्या कोपऱ्यात चीर गेली आहे, ती वेळीच बदलून घ्या, असेही सांगितले. त्यांनी हसत हसत दाखला लिहून दिला.

याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. असे एखादे कुणी पुढे आणलेच, तर ते खोटे समजावे. आणणारा बहुधा माझा मेहुणा असेल.

मला दोन मुले. थोरली मुलगी माझ्याबरोबर दुकान बघते. धाकटा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्रिज दुरुस्त करतो. त्यांची आई गेल्यापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून पहिली सूचना अशी, की हा कागद दोघांना एकाच खोलीत, एकाच वेळी वाचून दाखवावा. एकच जण आला असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवावे आणि दुसरा येईपर्यंत कागद मिटून ठेवावा.

कलम पहिले: घर. दुकान आणि त्यावरच्या दोन खोल्या दोघांना निम्म्यानिम्म्या. थोरलीला तिथे राहायचे असेल तोवर तिला कुणी हलवू नये. स्वयंपाकघराच्या खिडकीची तडकलेली काच मात्र आता बदलावी. "काचवाल्याची बायको आणि चिकटपट्टी लावलेली खिडकी!" असे ही मला येताजाता ऐकवायची. मी उद्या उद्या म्हणत राहिलो. थोरले, तू तरी उद्या म्हणू नकोस.

कलम दुसरे: बँकेतील शिल्लक. माझ्या शेवटच्या खर्चातून जे उरेल ते समसमान. तो खर्च थोडक्यात आटोपावा. माझ्या फोटोला चौकट करायची झाल्यास आपल्याच दुकानातली करावी, बाहेर कुणाचे खिसे भरू नयेत.

कलम तिसरे: हत्यारे. काच कापायची हिरकणी थोरलीला. तिला काच काय आहे ते कळते. मी जन्मभर हेच काम केले. एक रेघ ओढायची, खालून बोटाने टकटक करायची, आणि एवढा मोठा तावच्या ताव जिथे सांगू तिथे मुकाट्याने दुभंगतो. मला हे कधी जुने वाटले नाही. आजही रेघ ओढली की मनात येते, अरे, हे होतेच कसे! पकडी, मोजपट्ट्या आणि करवती धाकट्याने न्याव्यात, त्याच्या कामाला येतील.

कलम चौथे: माझी मोठी ताडपत्री मेहुण्याने दोन दिवसांच्या बोलीवर नेली, त्याला आता युग लोटले. ती त्याच्याकडेच राहू द्यावी. मी गेल्यावर ती परत आली तर उगाच लोकांना वाटेल, ती माझ्या मरणाचीच वाट बघत होती.

कलम पाचवे: पिकअप गाडी. या कलमासाठी मी एवढा कागद खर्ची घातला आहे, तेव्हा ते सावकाश वाचावे.

गाडी आम्ही जुनीच घेतली. विकणाऱ्याला आम्ही पुढे गोडबोल्या म्हणू लागलो, त्याचे खरे नाव आता आठवतही नाही. "मालक, एकाच हाताची गाडी आहे. आजवर हिच्यातून नुसती फुलं वाहिलीत," तो म्हणाला. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन सुरूच होते. मी भोवती फिरून रंग बघत होतो. हिने मात्र बॉनेटवर हात टेकवला आणि म्हणाली, "अहो, ही तर आधीच तापलीय. आपली वाट बघून का?"

मी हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू केले तेव्हा मागून असा निळा धूर निघाला, की शेजारणीने वाळत घातलेले कपडे काढून नेले. गोडबोल्या तोच धूर लपवत होता. जुनी गाडी घेणाऱ्याने ती थंड असताना बघावी, एवढे शहाणपण मी या कलमात फुकट वाटत आहे. केबिनच्या तळाला नवा रंग होता. पायाखालची रबरी चटई उचलली तर रंगाखाली गंज, आणि गंजाखाली रस्ता दिसत होता.

मिस्त्रींनी, म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यांनी, गाडीखाली सरकून बराच वेळ बघितले. बाहेर येऊन म्हणाले, "मालक, गाडी चांगली आहे. फक्त इंजिन, क्लच आणि ब्रेक बघावे लागतील."

"मग चांगलं काय आहे?" हिने विचारले.

"हॉर्न," मिस्त्री म्हणाले.

मग सुरू झाले. मी खर्च नेहमी काचेत मोजला, कारण मला दुसरे माप येत नाही. धूर थांबवायला इंजिन खोलून रिंगा बदलल्या, त्यात एका शाळेच्या खिडक्या गेल्या. क्लच घसरायचा, त्याची प्लेट बदलली, ते दोन मोठे आरसे. मागचे स्प्रिंगचे पाटे बसले होते, काच लादली की गाडी नाक वर करून चालायची. पाट्यांत दुकानाची एक दर्शनी काच गेली. रेडिएटर गळायचा, तो डाग देऊन चालवला, पण एकदा भर उन्हात पाणी संपून हेडचे गॅस्केट उडाले आणि वाचवले होते त्याच्या कितीतरी पट गेले. स्टिअरिंग इतके ढिले होते, की वळण यायच्या आधीच फिरवायला सुरुवात करावी लागे. एवढे सगळे होऊनही ती दर सकाळी सुरू व्हायची. किती जणांनी बनवलेले किती तुकडे, त्यातले निम्मे झिजलेले, आणि एका किल्लीसरशी सगळे एकमेकांचे ऐकतात! मी रोज मनातल्या मनात तिला हात जोडायचो.

राहिला तिसरा गिअर. सपाटीवर गाडी गुणी होती. आपली निम्मी गिऱ्हाइके मात्र टेकडीवर, आणि पाण्याच्या टाकीपाशी चढाचे वळण आले, की माल लादलेल्या गाडीचा तिसरा गिअर खाडकन निसटायचा. गाडी हिसका द्यायची. पाठीमागे उभी लावलेली काच ज्याने ऐकली आहे, त्यालाच त्या हिसक्याची धास्ती कळेल. मिस्त्री म्हणाले, "दाते झिजलेत, गिअर जागेवर धरणारा काटाही गेलाय. बॉक्स उतरवावा लागेल." त्या खर्चात दोन मजली घराच्या सगळ्या खिडक्या भरल्या असत्या. तेव्हा एवढा पैसा नव्हताच.

ही म्हणाली, "तुम्ही चालवा. मी धरते."

तेव्हापासून टेकडीच्या प्रत्येक फेरीला ही शेजारी. वळण आले की मी तिसरा टाकायचा आणि म्हणायचे, "धर." की ती दोन्ही हातांनी गिअरचा दांडा दाबून धरायची, ओठ घट्ट मिटून, पाय समोर रोवून, थेट वरपर्यंत. ती नसेल त्या दिवशी मी दुसऱ्या गिअरवर रांगत चढायचो, मागचे लोक हॉर्न वाजवून माझा उद्धार करायचे. थोरली गाडी शिकली तेव्हाही मधे आई बसलेली असे आणि दांडा आईच्याच हातात.

आता मुलांच्या भांडणाकडे येतो. हिचा खांदा दुखायचा. शेवटी शेवटी तर हात वर जात नसे. ती गेल्यावर धाकटा भरल्या घरात म्हणाला, "बाबांनी गिअरबॉक्सचे पैसे वाचवले आणि आईचा खांदा घालवला. विका तो खटारा भंगारात." थोरली म्हणाली, "बाबांना बोलायचं काम नाही. तू कधी एक काच तरी उचललीस का?" शब्दाने शब्द वाढला. त्यानंतर धाकटा माझ्याकडे येतो, दुकानाच्या पायरीवर बसतो, बहीण आत असेल तर आत पाऊल टाकत नाही. डॉक्टरीणबाई सांगून दमल्या, की खांदा वयाचा होता, दांड्याचा नव्हता. पण दुःखात कोण कुणाचे ऐकतो? धाकट्या, मला तुझा राग आला नाही. तुझी आई गेली होती, कुणावर तरी ओरडायला हवेच होते.

पण पुढे जे घडले ते तुम्हा दोघांना ठाऊक नाही.

ती गेल्यावर मी पहिल्यांदा टेकडीवर निघालो, तेव्हा मागे शिंपीणबाईंच्या खिडकीची काच होती. डोके कुठे होते देव जाणे. टाकीपाशी वळण आले, मी सवयीने तिसरा टाकला आणि सवयीनेच म्हणालो, "धर गं."

शेजारची जागा रिकामी होती. ते मग ध्यानात आले. आता हिसका बसणार, काच जाणार, म्हणून अंग आवळून बसलो. हिसका बसला नाही. दांडा आपल्या जागी उभा होता, कुणीही न धरता. गाडी एका सुरात गुरगुरत चढत राहिली. मी त्या दांड्याकडे बघत होतो, रस्त्याकडे बघायचे सोडून. माथ्यावर पोचून गाडी उभी केली, खाली उतरलो आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसलो. खाली सगळे शहर पसरलेले होते, खिडक्याखिडक्यांवर ऊन चमकत होते.

काच पोचवून तडक मिस्त्रींकडे गेलो. "तिसरा गिअर कधी केलात?"

ते हात पुसत म्हणाले, "तुम्ही कावीळ होऊन पडला होतात ना, तेव्हा. वहिनींनी करून घेतला."

काविळीला किती वर्षे झाली! धाकट्याला तेव्हा मिसरूडही फुटले नव्हते. म्हणजे त्यानंतरचे सगळे चढ ती जो गिअर निसटणारच नव्हता तो धरून बसली होती. ओठ मिटून! पाय रोवून!

"पैसे?"

"आरशांच्या चौकटी रंगवून साठवलेले. स्वतःचे."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"मीही तेच विचारलं," मिस्त्री म्हणाले. "तर म्हणाल्या, सांगितलं तर म्हणतील, आता तू कशाला येतेस, दुकानात बस. अहो मिस्त्री, हे दिवसभर काचेशी बोलतात. माझ्याशी बोलतात ते तेवढ्या चढावर."

मिस्त्रींनी फळीवरून एक गिअर काढून माझ्या हातात दिला. त्याचे दाते चोखलेल्या गोळीसारखे गुळगुळीत झाले होते. "हा तुमचा जुना. वहिनींनी टाकू दिला नाही."

मी जन्मभर आरपार दिसणाऱ्या वस्तूंचा धंदा केला, आणि ही बाई माझ्या कोपराला कोपर लावून बसली होती, तिचे मला काही म्हणजे काही दिसले नाही. मला वाईट वाटत नाही. खरे सांगतो, मी थक्क झालो आहे. सकाळी उठलो की आधी तेच आठवते आणि मी पुन्हा नव्याने थक्क होतो. काय म्हणावे या बाईला!

हे मी तुम्हाला तोंडी सांगितले नाही, याचे कारण असे, की एकाला आधी सांगितले असते तर त्याने ते दुसऱ्याच्या डोक्यात दगडासारखे घातले असते. आता दोघांनी एकदमच ऐकले आहे. कुणी जिंकले नाही.

म्हणून गाडीची व्यवस्था अशी. झिजलेला गिअर धाकट्याला. त्याने तो स्वतःच्या बोटांनी चाचपून बघावा. गाडी दोघांच्या नावे, सामायिक. घेताना तिचे दोष डोळे उघडे ठेवून घ्यावे: ब्रेक लवकरच पुन्हा बघावे लागतील, डावे दार आतून उघडत नाही, धूर पुन्हा थोडा सुरू झाला आहे. पुढे ती ठेवावी की भंगारात द्यावी, हे दोघांनी मिळून ठरवावे. त्यात माझा आत्मा लुडबुड करणार नाही.

त्याआधी एकच अट. मी गेल्यानंतर टेकडीवरची जी पहिली ऑर्डर येईल, ती काच दोघांनी मिळून या गाडीने पोचवायची. हा मसुदा बघून वकीलबाई म्हणाल्या, "काका, असली अट कोर्टात टिकणार नाही." मी म्हटले, "कोर्टात टिकवायचीय कुणाला? चढावर टिकली म्हणजे झालं."

थोरलीने चालवावी. धाकट्याने आईच्या जागी बसावे. टाकीपाशी वळण आले की थोरलीने तिसरा टाकावा आणि भावाला तोंडाने, ऐकू जाईल असे म्हणावे, "धर." धाकट्याने दांडा दोन्ही हातांनी धरावा आणि माथ्यापर्यंत सोडू नये.

गिअर निसटत नाही, हे आता तुम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तरी धरायचा.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे. तीन ठिकाणी डोळे भरून आले, म्हणून अक्षर हलले आहे. ती खाडाखोड समजू नये.

सही: काचवाले, म्हणजे मीच
ठिकाण: दुकानामागची खोली
तारीख: आजचीच, गुरुवार, दुपारी, दुकान उघडे असताना

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई. काचवाल्यांनी माझ्यासमोर शुद्धीवर राहून सही केली. दाराची काच बदलून घेतली आहे.

साक्षीदार दुसरे: गॅरेजवाले मिस्त्री. या कागदात मला काही मिळत नाही, म्हणून मला साक्षीला घेतले आहे. वहिनींना शब्द दिला होता, म्हणून इतकी वर्षे गप्प होतो. गिअर मी स्वतः बसवला आहे आणि तो अजून पक्का आहे. मालक गाडी घेऊन आले तर आजही शेजारच्या सीटवर काही ठेवत नाहीत.