उघड्या हाताचा नमुना

५ नोव्हेंबर २०२४
नोकरी लागली! बारावी नापास माणसाला संशोधनाचं काम मिळालं यावर टिटवाळ्यात कुणाचा विश्वास बसेना. मोहन्याजवळच्या ओढ्यावर दर मंगळवारी त्याच दगडापाशी बाटली भरायची, प्राणवायू मोजायचा मीटर बुडवायचा, आकडे कळवायचे. पाणी वर्षानुवर्षं कसं बदलतं ते संस्थेला बघायचं आहे. आधी रॉकी हे करायचा, तो वसईला गेला. पाणी डांबरासारखं, वासाने मळमळतं. हातमोजे घरीच राहिले, म्हणून उघड्या हाताने बाटली भरली. शेऱ्यात तसं स्पष्ट लिहिलं.

१२ नोव्हेंबर
पाण्यातला प्राणवायू वाढला. संस्थेच्या मेघना मॅडम मोजे नव्हते म्हणून ओरडतील वाटलं होतं, उलट खूश झाल्या. रॉकीच्या तीन वर्षांत असं झालं नव्हतं. कशाने झालं ते कळेपर्यंत काही बदलायचं नाही, म्हणाल्या. तोच माणूस, तोच दगड, तोच उघडा हात.

३ डिसेंबर
तळाचे गोटे दिसू लागले. काठावर राहणाऱ्या सखुबाई म्हणाल्या, तुझा हात गुणाचा रे पोरा, लग्नाचा असशील तर माझी मोठी नात आहे. बायका हसल्या, मी लाजलो. हाताचा वास मात्र साबणाने जात नाही.

२४ डिसेंबर
मनगटापर्यंत काळं पडलं. मॅडमना फोटो पाठवून हातमोजे घालू का विचारलं. मोजे घातले तर मागचे सगळे आकडे वाया जातील, म्हणाल्या. मलम लावा, फक्त मंगळवारी नको.

७ जानेवारी
मागचा मंगळवार तापात गेला. आज सखुबाई घर शोधत आल्या. ओढा परत काळा झाला, धाकट्या नातीला उलट्या होतायत, निवळल्यापासून सगळे तेच पाणी पितात. मला ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, चल. हात घातल्यावर पाणी निवळलं. काळं कोपरावर चढताना मी पाहिलं.

२१ जानेवारी
आता रोज जावं लागतं. हात काढला की गढूळ. बायकांचे हंडे भरेपर्यंत ठेवायचा. दुखतोय म्हटलं तर सखुबाई म्हणतात, बस रे, दोनच हंडे राहिले. स्वतः पेज भरवतात.

४ फेब्रुवारी
डाव्या हाताने लिहितो आहे. उजवा पाण्यात. अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखन तपासलं आहे. काळं खांद्यापर्यंत — टोचलं तरी कळत नाही. फोनवर नोकरी सोडतो म्हणालो. मॅडम म्हणाल्या, सोडा, पण त्या बायकांना तुम्हीच सांगा. धाकटी नात समोरच ओंजळीने पीत होती. नाही सांगता आलं.

११ फेब्रुवारी
मॅडम आल्या. पाणी चाखलं. हाताकडे बघितलं नाही. इथे दुसरा माणूस ठेवणार. मला पुढल्या मंगळवारी शहाडला, पुलाखाली — उल्हास नदी. पद्धत तीच. ओढा तर घोट्याएवढा होता, मॅडम. नदीला माझं कितीसं पुरणार —