शेख जुवैदच्या कबरीपाशची ठेव

४ फेब्रुवारी
पोचले एकदाची! कैरोच्या कचेरीत तीन वर्षं फायली उपसल्यावर सिनाईची वाळूसुद्धा गोड लागते. पुढच्या महिन्यात कालवा इथून जाणार. त्याआधी टेकडी पायी तुडवायची आणि जुनं काही आहे का ते सांगायचं, हे माझं काम. मुकादम रईस बदीअ कुफ्त गावचा, पिढीजात खणणारा. त्यानं पहिल्याच चहाला बजावलं, की टोपी न घालणाऱ्या बाईचं दुपारपर्यंत भरीत होतं.

६ फेब्रुवारी
टेकडीवरच्या कबरस्तानात, शेख जुवैदच्या कबरीपाशी तोंड बंद केलेलं मडकं सापडलं. दोन हजार वर्षांचं तरी असेल! लगेच नोंदवहीत नंबर घातला. आता कालव्याच्या साहेबांना कालवा वळवावाच लागेल, नाहीतर अख्खं कबरस्तान पाण्याखाली जाईल.

बकऱ्या राखणारी उम्म सुवैलिम मात्र माझ्यावर उखडली. इथले बदू लोक तंबू, नांगर शेखच्या कबरीच्या हवाली करून वर्षभर भटकतात, कोणी काडीला हात लावत नाही. "धनी मेला तरी ठेव त्याचीच, पोरी. नेलीस, तर तिच्या जागी तू राहशील." मी म्हटलं, इतकी वर्षं फिरकला नाही तो कसला धनी!

९ फेब्रुवारी
काल माझे बूट कबरीपाशी सापडले, आज घड्याळ. नीट मांडून ठेवलेलं. रईस म्हणतो, मडकं परत ठेवू. ठेवलं तर पुरावा गेला. साहेब कालव्याच्या कागदावर सही करून मोकळे होतील. उम्म सुवैलिमची तीन मुलं त्याच कबरस्तानात पुरली आहेत. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण देणार नाही.

११ फेब्रुवारी
चालले तरी वाळूत पावलं उमटत नाहीत. रईसला दाखवलं. तो भलतीकडेच बघत बोलत होता.

१२ फेब्रुवारी
साहेबांच्या नाकावर टिच्चून मडकं जीपनं इस्माइलियाच्या संग्रहालयाकडे धाडलं. मीही जीपमध्ये बसले होते. डोळे उघडले तर कबरीपाशी—

१३
रईस हाका मारत समोरून गेला. मी घसा फोडून ओरडले. नाही ऐकलं. उम्म सुवैलिम थांबली. माझ्यावर गोणपाट पांघरलं, कडेला दगड ठेवले. रडत म्हणाली, कोणी हात लावणार नाही.

१५
कालवा वळला! रईस उम्म सुवैलिमला सांगत होता. जिंकले मी—

१६
वाळूत पावलं. मोठी. इकडेच येताहेत—
येऊ दे धन्याला. तोंडावर सांगणार, मडकं मिळणार नाही.
दगड उचलतोय. एक— दोन—
गोणपा