सगळ्यात लहान माप

५ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

इथल्या बर्फातल्या चौकीवर येऊन परवा दोन महिने झाले. फोन लागत नाही. रसदीची गाडी आठवड्यातून एकदा येते आणि पत्रं घेऊन जाते, म्हणून हा जुन्या पद्धतीचा छळ. आई म्हणाली, मामाला लिही, लष्कराच्या खरेदीच्या सरकारी खात्यात तो आयुष्यभर कागदच तर वाचतोय.

तर खरेदीसाहेब, तुमच्या खात्याचे हातमोजे मिळाले. ऊब झकास! फक्त माझी बोटं संपली तरी मोज्यांची बोटं संपत नाहीत. आणि हे सगळ्यात लहान माप बरं का. माझं काम रेडिओ दुरुस्तीचं. असल्या मोज्यांत स्क्रू धरता येत नाही, मग ते काढायचे, काम करायचं, पुन्हा घालायचे. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं हल्ली जरा बधिर असतात. आईला सांगू नकोस, ती घर डोक्यावर घेईल.

मामीला नमस्कार. तुझ्या पोटाची प्रगती कळव. माया आहे तेवढी असू दे, वाढवलीस तरी चालेल.

तुझी,
भिंगरी

१५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता चहा पार गार झाला. जरा बधिर म्हणे! अगं, बोटं आहेत ती. आधी तिथल्या डॉक्टरांना दाखव, मग मला हसव.

आता नीट ऐक. त्या मोज्यांची फाईल माझीच आहे. सहा वर्षांपूर्वी मापं मी ठरवली. दोनशे बारा हात मोजले, सगळे पुरुषांचे. यादीत सहा मापं होती. शेवटचं, सगळ्यात लहान, मी स्वतःच्या हाताने खोडलं. म्हटलं, पाचात भागेल. काम सुटसुटीत केलं म्हणून साहेबांनी पाठही थोपटली. चूक माझी आहे, भिंगरे, आणि भोगतेयस तू. दोन रात्री झोप नाही.

वीस डिसेंबरला बैठक आहे. त्याच पाच मापांवर पुढच्या पाच वर्षांचा करार होईल, कारण फाईलवर लिहिलंय, ‘तक्रारी निरंक’. मामाला आलेलं पत्र ही तक्रार होत नाही. ती तुमच्या तुकडीकडून रीतसर यावी लागते. फॉर्म भर, राणी.

मामीने लोकर आणली होती, पण घरचे मोजे तिथे चालत नाहीत म्हटल्यावर रुसून बसली आहे. पोट उत्तम. खुशाली कळवत राहा, आमचा जीव टांगणीला आहे.

तुझा,
मामा

२६ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांना दाखवलं. बोटं वाचतील, पण असंच चालू ठेवलं तर सांगता येत नाही म्हणाले.

फॉर्म मात्र मी भरणार नाही. रागावू नकोस. इथे आम्ही मुली चौघी. आलो तेव्हा सगळे आम्हाला काचेच्या भांड्यासारखं जपायचे. आता कुठे कुणी वेगळं मोजत नाही. अशात मोजे मोठे होतात म्हणून रडगाणं गायलं, तर पुन्हा पहिल्या दिवसावर येऊ. फाईल तुझी, पेन तुझं. तूच लिही की सहावं माप! कोण विचारतंय?

हट्टी भाचीवरचा लोभ कमी करू नकोस.

भिंगरी

४ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

कोण विचारतंय म्हणतेस? मी विचारतो मला. घरच्या माणसासाठी गुपचूप एक ओळ घातली, तर उद्या दुसरा त्याच्या मेहुण्यासाठी घालेल. म्हणून कालच साहेबांना लेखी कळवलं की माझी सख्खी भाची हे मोजे वापरते. नियमाप्रमाणे फाईल माझ्याकडून काढली आणि समोरच्या टेबलावर, चष्मेवाल्या बाईंकडे गेली. चार पावलं लांब, पण आता मला हात लावता येत नाही. उन्हाळ्यात निवृत्त होतोय, तेवढी एक चूक सुधारून जावं असं फार वाटत होतं.

तेव्हा आता बोलशील तर तूच. रेडिओला चुकीच्या मापाचा स्क्रू आला तर तू तसं कळवतेस ना? तेव्हा कुणी रेडिओला नाजूक म्हणतं का? बघ बाई. जबरदस्ती नाही. पण बोटं गेली तर तुझ्या आईला मी तोंड कसं दाखवू?

काळजीत असलेला,
मामा

११ डिसेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझ्या स्क्रूने माझं डोकं खाल्लं. शेवटी फॉर्म भरला आणि गेले कमांडर साहेबांकडे. त्यांनी वाचलं, मला उभं ठेवलं आणि सगळ्या चौकीला विचारलं, आणखी कुणाला मोजे मोठे होतात? मग आमचा आचारी पुढे आला. या एवढ्या मिशा, छाती पिंपासारखी, आणि हात पोराएवढे! दोन वर्षं मोज्यांच्या टोकांत कापूस कोंबतोय म्हणाला, लाजेपोटी बोलला नाही. मग रांगच लागली. एकूण सात जण. प्रत्येकाने कागदावर हात ठेवून पेन्सिलीने कडेने रेघ ओढली, ते सातही हात फॉर्मला जोडून गेले.

नवे मोजे येईपर्यंत बाहेर एका वेळी पंधरा मिनिटांच्या वर काम नाही, असा साहेबांनी हुकूम काढलाय. आता तरी झोप.

तुझी शहाणी झालेली,
भिंगरी

२२ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक अनेक आशीर्वाद!

तुमचे सात हात बैठकीच्या आदल्या दिवशी पोचले. बैठकीत मला मज्जाव, बाहेरच्या बाकावर दोन तास बसलो. चष्मेवाल्या बाईंनी माझीच हजेरी घेतली म्हणे, हे माप कोणी खोडलं आणि का. बरोबरच आहे. बाहेर आल्या आणि फक्त म्हणाल्या, सहा मापं. मला भर कचेरीत रडू आलं गं.

एवढंच वाईट की नमुने, चाचण्या, शिलाई धरून माल यायला चौदा महिने लागतील. त्याच्या आत होत नाही, मी सगळी खटपट करून पाहिली. माफ कर मला.

तुझा,
मामा

२ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

माफी कसली मागतोस, वेड्या! एका बोटाला पूर्ण जाण आली, दुसऱ्याला येतेय. आईला आता सगळं सांगितलंस तरी चालेल, पण कानात बोटं घालून सांग.

जूनमध्ये माझी बदली आहे. म्हणजे ते मोजे येतील तेव्हा मी इथे नसेन. खोटं कशाला बोलू, तुझं पत्र वाचून आधी वाईट वाटलं. मग पाना घेऊन कामाला बसले आणि ते मोजे येतील तेव्हा माझ्या जागी असणाऱ्या मुलीचा विचार करत राहिले. ती गोदामातून मोजे घेईल, हातात घालेल, स्क्रू उचलेल आणि कामाला लागेल. मोज्यांचा विचार तिच्या मनात येणारसुद्धा नाही. मामा, खूप छान वाटलं रे.

तुझीच,
भिंगरी