नऊ वाजताचा फुगा

१३ ऑक्टोबर १९५३, मंगळवार
चौदा पत्रकं! तीही चार वाजायच्या आत! संध्याकाळी मैत्रिणींबरोबर बोलिंगच्या – चेंडूने लाकडी बाटल्या पाडायच्या – सामन्याला वेळेवर पोहोचले, आणि जिंकलोसुद्धा. लोकांना आकाशात उडत्या तबकड्या दिसतात, आमची कचेरी चौकशी करते, मी टाइप करते. काय दिसलं ते, आणि खरं काय होतं तेही – फुगा, शुक्र, बदकं. साडेतीन वर्षांत मेजर क्रॅंडलना माझी एक चूक सापडलेली नाही. दाखवाच म्हणावं!

१९ ऑक्टोबर, सोमवार
लेफ्टनंट ट्वेट आला होता. नॉर्थ डकोटाहून थेट इथे ओहायोला, स्वतःची रजा घालवून. रात्री नऊला एक पांढरा दिवा आपल्या विमानाभोवती सत्तावीस मिनिटं घिरट्या घालत होता, असं सांगणारा तोच. आमचा निकाल – हवामान केंद्राचा फुगा. नऊलाच सोडलेला.

मेजर म्हणाले, "फुगा ओळखता येत नाही, आणि विमानं चालवतोस?"

तो लालबुंद. "साहेब, तिथे फुगा नव्हताच."

तीस तारखेला त्याची सुनावणी. फुगा कायम राहिला तर उड्डाण कायमचं बंद. जाताना माझ्या टेबलापाशी थांबला, टोपी हातात चुरगळत. "मॅडम, मी वेडा वाटतो का हो?" मी मान खाली घालून यंत्रात नवा कागद सरकवला. भेकड कुठली!

२० ऑक्टोबर
त्या केंद्राच्या सगळ्या फाइली उपसल्या. झाडून सगळे फुगे दुपारी तीनचे. हा एकटाच रात्रीचा? फुगा सोडल्याची केंद्राकडून आलेली मूळ तार बघितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. बोलिंग बुडालं. बुडू दे.

२१ ऑक्टोबर
मेजरना ती तार मागितली. "महिन्याचा अहवाल वॉशिंग्टनला गेलाय. 'अज्ञात'च्या रकान्यात आणखी एक वाढला तर मला सोलून काढतील. मिस होस्टेटलर, तुम्ही आपलं टाइप करा."

करते की! पण सोडत नाही.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार
सापडली! तळघरात, जेवणाच्या सुट्टीत, एका हातात सँडविच आणि दुसऱ्या हाताने खोकी उलथीपालथी करत. फुगा रात्री नऊला सोडला – पण ग्रीनिचच्या घड्याळाने! म्हणजे डकोटात दुपारचे तीन. हे फुगे दोन तासांत फुटून खाली येतात. रात्री नऊला तिथे काय डोंबल असणार? पोरगा खरं बोलत होता!

तारेवरची वेळ पत्रकावर उतरवताना सहा तास वजा करायचे, हे टायपिस्टला पहिल्याच दिवशी शिकवतात. कोण विसरलं? व्हर्नीस, दुसरं कोण! टायपिस्ट आम्ही दोघीच, आणि ती दिवसभर नखं रंगवत बसते. तोंडावर सुनावलं – "तुझ्या निष्काळजीपणापायी एका माणसाचं आयुष्य मातीत चाललंय, कळतंय का?"

रडायलाच लागली. "मी नाही गं, विल्मा. पत्रक तरी बघ आधी."

बघतेच! टाइप करणारीची आद्याक्षरं खाली कोपऱ्यात असतातच. पत्रक मेजरांच्या कपाटात आहे. सोमवारी काढून घेणार, ते काहीही बोलोत.

२६ ऑक्टोबर, सोमवार
पत्रक मिळालं. तारीख १३ ऑक्टोबर. बोलिंगचा मंगळवार. खाली कोपऱ्यात – डब्ल्यू. एच. विल्मा होस्टेटलर. मीच.

नवं टाइप केलं. दुपारी तीन. खाली पुन्हा तीच अक्षरं. तार जोडून एक प्रत सुनावणीला टपालाने पाठवली, एक मेजरांच्या टेबलावर ठेवली. नोकरी जाईल बहुतेक. जाऊ दे. व्हर्नीस खिडकीशी एकटीच जेवतेय. आता तिच्याकडे जायचंय.