नऊ तास झोपूनही

३ जुलै
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण मी झोपलो होतो. थट्टा नाही. चांगला नऊ तास झोपतो आणि सकाळी उठतो ते रात्रभर पोती वाहिल्यासारखा. बायको म्हणते आळस, सासरेबुवा म्हणतात वय. दोघांचं एवढं एकमत आजवर कधी झालं नव्हतं!

परवा मात्र हबकलो. शाळेची बस सिग्नलला उभी होती आणि मला डुलकी लागली. मागून पोरं एका सुरात ओरडली तेव्हा जागा झालो. त्यांना वाटलं, बसकाका गंमत करताहेत. पोरांना घरी सोडलं आणि तडक जाऊन मालकांना किल्ली दिली. सध्या गॅरेजात बस धुतो. घरी अजून बोललो नाही.

तुझा लोभ आहेच, तो आता जरा जास्त लागेल.
तुझा,
भाऊ

९ जुलै
चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

किल्ली आपणहून दिलीस, ऊर भरून आला. पण वहिनीपासून लपवलंस? आधी तिला सांग, मग पुढचं वाच.

सांगितलंस? बरं. गेल्या सुट्टीत तुझ्या घोरण्यापायी आम्ही दोघं गादी उचलून स्वयंपाकघरात गेलो होतो, आठवतंय? तेव्हा हे म्हणाले होते, घोरण्याचं काही नाही, पण ते मध्येच थांबतं आणि हा गुदमरून दचकतो. मी हसण्यावारी नेलं. काल एक डॉक्टरीणबाई कपडे शिवायला टाकायला आल्या, त्यांना विचारलं. म्हणाल्या, झोपेत श्वास अडकत असेल तर कितीही झोपा, थकवा जायचा नाही. तपासून घ्यायलाच हवं. टाळलंस तर येऊन कान धरून नेईन.

सगळ्यांना माझी आठवण सांग, तुझी काळजी घे.
तुझी,
ताई

२० ऑगस्ट
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाईंचं खरं निघालं. आता झोपताना नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीला यंत्र. लेकीने विचारलं, बाबा समुद्रात उतरणार का? बायको आधी लपवल्याबद्दल रुसली, मग रडली. आता मास्क रोज स्वतः धुऊन ठेवते. सकाळी अंग हलकं असतं. डॉक्टरांनी पुन्हा तपासून परवानगी दिली आणि सोमवारी बसवर रुजू झालो.

त्या संध्याकाळी लेकीला राक्षसाची गोष्ट सांगायला बसलो. दरवेळी राक्षस नदीपाशी आला की मीच घोरू लागायचो, म्हणून बिचारा वर्षभर काठावरच उभा होता. या खेपेला त्याला नदी पार करवली, घर बांधून दिलं, लग्नही लावलं. लेक टक्क जागी. म्हणाली, आता त्याला मुलं होऊ देत.

आशीर्वाद असू दे.
तुझा,
भाऊ