माजोलाचं तिकीट

जोहान्सबर्ग, ५ मे १९७४

ती. खोंझीताईस,
धाकट्या वेलाचा शि. सा. नमस्कार. आईला, काकांना आणि माझ्या तपकिरी बैलालाही.

अक्षराला हसू नकोस, तिसरीतून पळालेल्याचं आहे. बिस्किटांच्या कारखान्यातलं काम का सोडलं म्हणून विचारलंस. तिथे गप्प राहावं लागायचं. आता काचेच्या कारखान्यात आहे, तिथे एवढा आवाज की कितीही बोललं तरी मुकादमाला ऐकू जात नाही.

काकांनी सोपवलेलं काम झालं. बाबा कुठे वारले ते कळलं. आई सांगते ना, की बाबांनी इथे गिटारवर गाणं म्हणून तबकडी काढली आणि कंपनीने तिच्यावर ‘काळी मुंगी’ असं नाव छापलं? स्टेशनामागे म्बाथा नावाचा म्हातारा जुन्या तबकड्या विकतो. त्याच्याकडे काळी मुंगी निघाली. त्याने वाजवून दाखवली आणि माझ्या अंगावर काटा आला. म्हातारा म्हणाला की हा गिटारवाला आमच्याच कामगार हॉस्टेलात, तळमजल्यावर दाराजवळच्या पलंगावर वारला. म्हणजे बघ, एवढे दिवस मी बापाच्या डोक्यावर झोपत होतो.

काकांनी बसवाल्याबरोबर पाठवलेली रानबोरीची फांदी पोचली. शनिवारी त्या पलंगाशी जाऊन बाबांच्या आत्म्याला उठवतो आणि फांदीवर बसवून घरी घेऊन येतो. आगगाडीची दोन तिकिटं काढलीत, त्यांचं नि माझं. घरी पोचेपर्यंत बाबांखेरीज कुणाशी बोलायचं नाही, असं काकांनी बजावलंय. हे मला जमेल का, यावर हॉस्टेलात पैजा लागल्यात.

बाबा घरी आले की त्यांना सांगून तू खुशाल लग्न करून मझीलाच्या घरी जा. मग मला शिव्या कोण देणार, ती सोयही करून ठेव.

आहे तेवढी माया राहू दे,
वेला


म्सिंगा, १७ मे १९७४

चि. वेलास,
ताईचे अनेक आशीर्वाद. आधी खाली बस, मग वाच.

तू रविवारी बाबांना घरी आणून ठेवलंस आणि लगेच परतलास. गुरुवारी दुकानदाराच्या तबकडीच्या यंत्राला बॅटरी मिळाली. आईने लग्नातला कातडी घागरा नेसला, लाल टोपी घातली, आणि आम्ही वाडीतली सगळी माणसं तू आणलेली तबकडी ऐकायला गेलो. पहिल्या बाजूला आई डोलत होती. मग दुकानदाराने तबकडी उलटली. मध्यावर गिटार वाजतच राहिली आणि तो माणूस भराभरा आपली ओळख सांगायला लागला, आपले गडी सांगतात तशी, एका श्वासात. म्हणाला की मी माजोला, मी म्झिमखुलू नदीचं पाणी प्यायलेला, माझं घर मिशनच्या टेकडीखाली.

सगळे काकांकडे बघायला लागले. काका आपल्या बुटांकडे बघत होते. आई एवढंच म्हणाली की ही तर आपली नदीसुद्धा नव्हे.

वेला, तू एकच बाजू ऐकलीस.

आईला तर तोंड लपवायला जागा नाही. तू गेल्यापासून ती रोज मोठ्या झोपडीत मागच्या भिंतीशी, पूर्वजांच्या जागेजवळ बसून त्याच्याशी बोलत होती. छप्पर न शाकारताच निघून गेलास, काळी गाय मेली तेव्हा कुठे होतास, असं सगळं. शिवाय जे मी पत्रात लिहू शकत नाही तेही. आता म्हणते की या परक्या माणसाला आपल्या घरातलं इतकं माहीत झालंय की त्याला जावई करून घेतलेलं बरं.

काका मात्र हसत नाहीत. ते म्हणाले की पाहुणा आपल्या पायांनी आलेला नाही, आपणच त्याला झोपेतून उठवून बाबांच्या नावाने घरात घेतलं, बकरं कापलं. त्याचा काही दोष नाही. पण तो बाबांच्या जागेवर बसलाय तोवर बाबा येणार नाहीत, आणि बाबांना सांगितल्याशिवाय मी लग्न होऊन उंबरा ओलांडायचा नाही. मझीलाची आई पाणवठ्यावर म्हणाली की ज्या घराला आपला बाप ओळखता येत नाही त्या घरची मुलगी कशी आणावी. लग्न ऑगस्टात ठरलंय. मझीला आज नेहमीसारखा इकडे आलाच नाही.

तेव्हा मुकाट्याने ये आणि त्याला त्याच्या पलंगावर नेऊन पोचव. आईने वाटेसाठी ज्वारीची बिअर घातली आहे. ती त्याची आहे, तुझी नव्हे. आई म्हणते त्याचीही कुणीतरी वाट बघत असेल, म्हणून मी म्झिमखुलूच्या मिशनजवळच्या दुकानदाराला पत्र टाकलंय.

राग आहे, तरी मायेला ढळ नाही,
खोंझी


जोहान्सबर्ग, २३ जून १९७४

ती. ताईस,
अपराधी वेलाचा नमस्कार, आज जरा जास्तच वाकून.

माजोलाला पोचवलं. बिअर त्यालाच दिली, शपथ. गाडीत एक भानगड झाली ती सांगतो. पोलिसाने शहरात राहायचा पास मागितला. मला तर बोलायची बंदी. मी पास पुढे धरला आणि फांदीला म्हणालो, माजोला, साहेबांना आपला पास बघायचाय, जरा थांबूया. पोलिसाला वाटलं मी त्याची टिंगल करतोय, त्याने माझी कॉलर धरली. तेव्हा डब्यातले सगळे गडी उठून उभे राहिले आणि त्याला म्हणाले की हा मेलेल्याला नेतोय, याला हात लावू नका. पोलिसाने हात काढला, आणि त्याच्याबरोबरच्या तिकीट तपासनिसाला मी दुसरं तिकीट दाखवलं. त्याने ते उलटसुलट बघितलं, रिकाम्या जागेकडे बघितलं, पंच मारला आणि पुढे गेला. ताई, दुसऱ्या तिकिटालाही पंच मारला त्याने.

हॉस्टेलात माजोलाची माफी मागितली. म्हटलं, चूक माझी, आमच्या आईचं ऐकलंत तेवढं पोटात ठेवा.

मग म्बाथाकडे जाऊन भांडलो. तो शांतपणे म्हणाला, तू मुंगी मागितलीस, मी मुंगी दिली. कंपनीत जो गिटारवाला त्या आठवड्यात येईल त्याच्या तबकडीवर हेच नाव छापायचे. आणि हे मला आत्ता सांगतोय! मी तीन रविवार त्याच्या खोक्यांत बसून काढले, मुंग्याच मुंग्या. कुणी न्कांडलाचा, कुणी समुद्राकाठचा. म्हातारा सुई झिजते म्हणून करवादत होता, पण दोन्ही बाजू वाजवू दिल्या.

आज दुपारी बाबा सापडले. गिटार माजोलाएवढी चांगली नाही, खोटं कशाला सांगू. पण मध्यावर ते बोलायला लागले, की मी झोंडी, नोंदाबांच्या कुळातला, मी थुकेलाचं, आपल्या नदीचं, पाणी प्यायलेला. न्गुबानेंच्या लेकीने (म्हणजे आपल्या आईने) मला लापशी ढवळायच्या दांड्याने मारलं, तो वळ अजून पाठीवर आहे आणि कुणी पुसू नये. मी म्हाताऱ्याला परत लाव म्हटलं. त्याने सुई उचलून परत लावली.

शेवटी बाबा हातपेटी वाजवणाऱ्याला ओरडून सांगतात, की दाब रे सिथोले, लोहाराच्या पोरा. म्बाथा म्हणतो हा लोहाराचा सिथोले अजून आहे, कोळशाच्या वखारीत राखणदार आहे. बाबा खरे कुठे वारले ते त्याला विचारायला उद्या कामाला दांडी मारून जातो. तू ओरडशील, पण लग्न तुझंच आहे.

पायांजवळ थोडी जागा ठेव,
वेला


म्सिंगा, २९ जुलै १९७४

चि. वेलास,
ताईचे आणि आईचे आशीर्वाद, काकांचे जरा कमी.

तू बाबांना घेऊन अंगणात आलास तेव्हा इतका वाळलेला दिसत होतास की ओरडायचं राहून गेलं. बाबा वारले त्या अलेक्झांड्रा वस्तीतल्या मागच्या खोलीत सिथोले शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी होता हे तू सांगितलंस, त्यावर आई अजून विचार करते. ती इतकी वर्षं समजत होती की तिथे कुणी बाई असेल.

या खेपेला काकांनी हुकूम काढला होता की आधी दोन्ही बाजू, मगच बकरं. तू बाहेर बैलाजवळ जाऊन उभा राहिलास म्हणून तुला दिसलं नाही. दांड्याचं वाक्य आलं तेव्हा वाडीतल्या बायका हसल्या. आई हसली नाही. तिने दुकानदाराला ते पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा, आणि शेवटी म्हणाली की एकदाच मारलं होतं, आणि हळू मारलं होतं.

आता ती मागच्या भिंतीशी बसते ती मुकाट. मी कारण विचारलं तर म्हणाली, सांगायचं होतं ते सगळं माजोलाला सांगून झालं, याला काय सांगू.

मझीलाच्या आईने स्वतः येऊन तबकडी ऐकली आणि बिअरचे दोन घडे प्याली. लग्न ठरल्या दिवशीच आहे. मझीला छप्पर शाकारतोय, उलटं शाकारतोय, पण मी काही बोलले नाही.

म्झिमखुलूहून उत्तर आलं. माजोलाचा मुलगा आहे, लुंगा, तुझ्याच वयाचा. त्यांच्याकडे माजोला कुठे वारला हेच कुणाला माहीत नव्हतं. मुकादमाने सोडलं की लुंगा बापाला न्यायला येईल. मिशनमध्ये यंत्र आहे म्हणे. आपल्याकडची पहिली तबकडी तुझ्याबरोबर परत दिली आहे, ती त्याला दे.

जीव आहे, जीवाला जप,
खोंझी


जोहान्सबर्ग, ६ ऑक्टोबर १९७४

सौ. खोंझीताईस,
वेलाचा नमस्कार. सौ. लिहिताना हात अडखळला, एकदा खोडलं.

शनिवारी लुंगा आला. बापाचं गिटार वाजवणं त्याने कधी ऐकलेलं नाही, तो पाळण्यात असताना बाप निघाला. आम्ही म्बाथाकडे गेलो, त्याने आपणहून यंत्र लावलं. मी सांगितलं, पहिली बाजू गाण्याची आहे, दुसरीत ते तुझ्या घरचा रस्ता सांगतात. तो दुसरी बाजू संपल्यावरही सुईकडे बघत राहिला.

मग हॉस्टेलात आलो. दाराजवळच्या पलंगावर हल्ली जो झोपतो तो उठून बाहेर गेला, बाकीच्यांनी पत्ते मिटले. लुंगाने फांदी टेकवली, बापाला हाक मारली, आणि तेव्हापासून त्याला माझ्याशी बोलता येईना. मला किती विचारायचं होतं. स्टेशनापर्यंत मी त्याच्या शेजारून नुसता चालत गेलो. मी, आणि नुसता चालत.

तो गाडीत बसल्यावर मला सुचलं की त्याच्याशी बोलता येत नाही, पण माजोलाशी कुठे बंदी आहे. फलाटावरून खिडकीशी उभा राहून म्हटलं, माजोला, आमच्या आईने नमस्कार सांगितलाय, छप्पर शाकारून झालं, उलटं का होईना. आणि तिने सांगितलेलं तुम्ही कुणाजवळ बोलला नाहीत, त्याबद्दल ती तुमची ऋणी आहे. लुंगा ओठ घट्ट मिटून हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

तबकडी मांडीवर होती. दोन तिकिटं हातात. खिडकीची जागा त्याने बापाला दिली होती.

आईला सांग, माजोला नीट गेला. मी अजून काचेच्याच कारखान्यात आहे, यावर तुझा विश्वास बसणार नाही.

दूर असलो तरी तुमच्यातलाच धरावा,
वेला