डावा खांदा एक बोट खाली

४ मार्च

चि. टिचकीस,
तुझ्या शिवणकाम करणाऱ्या आत्याचे अ. उ. आ.

तू दुकानाच्या पत्त्यावर पाठवलेले कॉमिक्सचे दोन्ही अंक पोचले. फोनवर काही सांगितलं की तू नुसतं हो हो करतेस, म्हणून कागदावर लिहिते. मशीन बंद ठेवून, चष्मा पुसून सगळं वाचलं. गोष्ट आवडली. तुझा गगनगडी माणूस भला आहे, पण त्याचा शिंपी कोण, ते मला एकदा कळू दे.

अगं, तो त्या पोशाखात शिरतो कुठून? पुढे बटण नाही, मागे चेन नाही. पाठीवरची झूल टाचेपर्यंत. बसच्या दारात अडकली तर तो जगाला काय वाचवणार, त्यालाच सोडवायला माणसं लागतील. खिसा एकही नाही. घराची किल्ली कुठे ठेवतो? रोज बायकोला उठवत असेल बिचारीला. आणि पँटच्या वरून चड्डी घालायची अक्कल कोणाची, त्याला माझ्यापुढे उभा कर.

आणखी एक. प्रत्येक चित्रात त्याचा डावा खांदा एक बोट खाली आहे. उडताना, बसताना, गुंडाची गचांडी धरतानासुद्धा. हे मुद्दाम केलंयस की हात घसरतो?

तुझे बाबा बरे आहेत. तुझा विषय निघाला की दादा लगेच लिफ्टच्या तारांबद्दल बोलायला लागतो.

लोभ आहेच, तो कुठे उसवू देऊ नकोस.

तुझी,
आत्या

११ मार्च

ती. आत्यास,
टिचकीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी ऑफिसात वाचून दाखवलं. संपादक आधी हसले आणि खिशावर आल्यावर गंभीर झाले. तिसऱ्या अंकात त्याची किल्ली बुटात ठेवली आहे. पण झूल म्हणू नकोस गं, तो काय बैल आहे? केप म्हणतात. चड्डीचं माझ्या हातात नाही. ती अशा वीरांची जुनी रीत आहे, बदलली तर वाचक भांडायला येतील.

खांदा मुद्दाम नाही काढलेला. पट्टी लावून सरळ करते आणि शाई फिरवली की पुन्हा खाली. संपादकांच्याही ते डोळ्यांवर आलंय. सगळ्या शहराला तारणाऱ्याचा खांदा पडका कसा, असं म्हणतात. चौथ्या अंकापासून सरळ हवा, नाहीतर दुसरा चित्रकार बघतो, अशी तंबी मिळाली आहे.

आता माझं काम. २० एप्रिलला, रविवारी, कॉमिक्सचा मेळा आहे. आमच्या टेबलापाशी खराखुरा गगनगडी उभा करायचा आहे. मुलं जमली तर मालिका चालू राहील, नाहीतर सहाव्या अंकाला गगनगडी जमिनीवर. पोशाख तूच शिव. एवढी नावं ठेवलीस ना, आता भोग. आमचा बाइंडर तो घालणार आहे, त्याचं माप कळवते.

बाबांना ह्यातलं काही सांगू नकोस. त्यांच्या कंपनीतली पक्की नोकरी सोडून मी निघाले तेव्हा ते म्हणाले होते, वरून चड्डी घातलेल्या माणसांची चित्रं काढून कोणाचं पोट भरतं? मी म्हणाले, भरलं की कळवीन. दोन वर्षं झाली, आम्ही बोललो नाही. आणि तूही नेमकी चड्डीवरच घसरलीस. भाऊबहीण शोभता.

लोभ असाच ठेव, टोमण्यांसकट.

तुझी,
टिचकी

२ एप्रिल

चि. टिचकीस,
अ. उ. आ.

सोबत पोशाख पाठवते आहे. चेन काखेखाली लपवली आहे, शोधून दाखव.

तुझ्या बाइंडरचं माप काही आलं नाही. कळवते म्हणालीस आणि विसरलीस, हे तुझं नेहमीचंच. दहा दिवस वाट पाहिली, मग तुझं पानभर चित्र भिंतीला टाचलं आणि त्यावरच टेप लावली. माणसाचं डोकं साधारण केवढं असतं, त्या हिशेबाने छाती, पाठ, बाही काढली. आकडे लिहिले आणि कापड बेतायच्या आधीच मला ते ओळखीचे वाटले. मापांची वही उघडली. पहिल्याच पानावर सापडले. काखेत कळसा नि गावाला वळसा.

टिचकी, तुझा गगनगडी म्हणजे माझा दादा आहे. दुकान काढलं तेव्हा पहिलं माप मी त्याचंच घेतलं होतं. डावा खांदा एक बोट खाली. त्याचा शर्ट सरळ दिसावा म्हणून तीस वर्षं मी त्या बाजूला गुपचूप कापूस घालते. लिफ्ट दुरुस्तीच्या हत्यारांची पिशवी त्याने कायम डाव्या खांद्यावरच नेली, कारण उजवा तुझा होता. पाच वर्षांची होईपर्यंत तू उजव्या खांद्यावर बसून त्याच्याबरोबर जायचीस आणि पिशवी जास्त जवळची की मी, म्हणून त्याच्याशी भांडायचीस. त्याचा डावा खांदा एवढ्या जवळून दुसऱ्या कोणी पाहिलेला नाही.

आता रागावू नकोस. शिवलेलं घालून बघायला अंग लागतं. दादाला बोलावलं आणि एका गिऱ्हाइकाचं माप तुझ्यासारखंच आहे, एवढंच सांगितलं. वीस मिनिटं आरशापुढे उभा राहून कुरकुरत होता, पण झूल काढ असं काही म्हणाला नाही. मग विचारलं, गिऱ्हाइकाचा खांदा माझ्यासारखाच पडका कसा? मी काहीतरी थाप मारणार, तर तोंडात टाचण्या. म्हणून नुसतं अंकांकडे बोट दाखवलं. त्यावर तुझं नाव होतंच. त्याने दोन्ही अंक वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेले आणि तेव्हापासून तोंडाला कुलूप आहे.

लोभ ठेव, रागावूनही ठेवता येतो.

तुझी,
आत्या

८ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागावले आहे. बरीच. ते झालं, आता सांग, बाबा काय म्हणाले? काहीच नाही हे मला कळलं, पण काहीच न म्हणताना चेहरा कसा होता?

पोशाख परत पाठवते. बाइंडर उंच आणि काटकुळा आहे, त्याच्या अंगावर तो दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसला. डावी बाही तर मनगटापर्यंतही पोचली नाही. माप ह्या वेळी सोबत आहे, त्याप्रमाणे करून दे. चेन सापडली नाही, त्यालाच विचारावी लागली.

तुझं पत्र वाचून मी सगळी पानं टेबलावर पसरली. गगनगडी बोलण्याआधी घसा खाकरतो. रागावला की त्याचे कान लाल होतात. जिना चढताना कठड्याला हात लावत नाही. दोन वर्षं मी रोज आठ तास बाबांची चित्रं काढत बसले आणि मला पत्ता नाही. खूप रडले, आत्या. मला त्यांची फार आठवण येते. पण आधी दुसऱ्याने बोलावं, असं दोघांनीही ठरवलंय. खाण तशी माती.

संपादकांना सांगितलं की खांदा सरळ होणार नाही, चित्रकार बदलायचा तर बदला. ते म्हणाले, मेळ्यात बघू.

तू मेळ्याला ये. बाबांना विचारू नकोस. म्हणजे, विचारलंसच तर मी विचारायला सांगितलं असं सांगू नकोस.

लोभ असावा, जिभेवर ताबाही असावा.

तुझी,
टिचकी

१३ एप्रिल

चि. टिचकीस,
आ.

पत्र लिहायची मला सवय नाही. कामावर अहवाल लिहितो तसं लिहितो आहे. तुझी दोन्ही पत्रं आत्याने मला वाचायला दिली. ती देणार हे तुलाही माहीत असेल.

दोन्ही अंक वाचले. दुसऱ्यात, पान चौदावर, गगनगडी पडणारी लिफ्ट छताच्या कडीला धरून थांबवतो. ते चूक आहे. तिथे धरलं तर छप्पर हातात येईल आणि माणसं खाली जातील. तळाच्या चौकटीला धरायला हवं. घरात बाप असताना विचारायला काय झालं होतं? बाकी तारा बरोबर काढल्या आहेस. लहानपणी दाखवलेलं लक्षात ठेवलंस.

चड्डीवरून मी तुला जे बोललो ते बोलायला नको होतं. आता स्वतः घालून पाहिली आहे.

काल आत्या पोशाख बाइंडरच्या मापाचा करायला बसली होती. मी कात्री काढून घेतली. काखेत जरा सैल करून घेतलं आणि आतून चष्म्याला खिसा लावून घेतला. माझ्या शर्टात ती तीस वर्षं कापूस भरत होती, हेही तुझ्या पत्रांवरून बोलता बोलता तिच्या तोंडून निघालं. ह्यात भरू दिला नाही.

येत्या रविवारी, मेळ्याच्या दिवशी, मला सुट्टी आहे. बाइंडरला त्याचं काम करू दे. टेबलापाशी मी उभा राहीन. मुलांशी काय बोलायचं ते लिहून ठेव, मला सुचत नाही. तुझ्या संपादकांना सांग, रोज वजन उचलणाऱ्याचा खांदा खाली जातोच. पटलं नाही तर मी तिथे असेनच, पोशाखात.

झूल बसच्या दारात अडकेल म्हणून आत्या काळजीत आहे. मी ती घडी करून हत्यारांच्या पिशवीतून आणतो आहे. पिशवी डाव्या खांद्यावर असेल. उजवा रिकामाच आहे.

लोभ होताच, सांगायचा राहून गेला.

बाबा